विहिणीचा आवाज

॥ श्री ॥

नांदेड, कार्तिक शुद्ध ७, शके १८४०

सौ. गुरम्मा विहीणबाई यांना उमादेवीचा शरणार्थ, आणि धोंडप्पा व्याह्यांनाही. पत्र तेच तुम्हाला वाचून दाखवणार, त्यामुळे त्यांचा शरणार्थ त्यांना आधीच मिळाला. आमच्याकडे सगळी खुशाल आहेत. लातुरात मानमोडीचा ताप उतरणीला लागला असं कापसाच्या गाडीवानांकडून कळलं. इथेही आता सकाळी दुकानांच्या फळ्या निघताना ऐकू येतात. आश्विनात महिनाभर तेवढाही आवाज गावात नव्हता.

तुमची नात चोवीस दिवसांची झाली. जन्माची चिठ्ठी तुम्हाला पोचली, पण चिठ्ठीत मावलं नाही ते आता लिहिते. नाक तुमच्याकडचं आहे, नाकारून चालणार नाही. रंग आमच्याकडचा. केस इतके दाट की तेल घालता घालता माझी वाटी संपते. मुलगी झाली म्हणून कुणी तोंड वाकडं केलं नाही. करायला समोर कुणी हवं ना! दवाखान्याच्या नर्सबाईने सगळ्यांना आधीच घराबाहेर काढलं होतं.

या नर्सबाईचं नाव पार्वतम्मा. निजामाबादेकडची, हैदराबादेत शिकून आलेली. एका वाक्यात तेलुगू, दखनी आणि मराठी तिन्ही बोलते. आल्या आल्या तिने बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडली. मी लावली. तिने उघडली. मी पुन्हा लावली. तिसऱ्यांदा तिने खिडकीची कडीच उपसली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली. बाजेखालची शेगडी अंगणात गेली. मी म्हटलं, अहो, ओल्या बाळंतिणीला वारं लागेल. तर म्हणते, "हवा लगे तो कोई मरता नै अम्मा, धुएँ में खाँस खाँस के मरते." माझी सात बाळंतपणं धुरातच झाली, असं मी तिला सांगितलं. तिने विचारलं, जगली किती. मी अंगणात जाऊन शेगडी विझवली.

मग तिने विचारलं, तुमच्यात विटाळ किती दिवस पाळतात? मी ताठ मानेने सांगितलं, आम्ही लिंगायत, आमच्यात विटाळ नाही. पहिल्या दिवसापासून कुणीही यावं, बाळ मांडीवर घ्यावं. मला वाटलं बाई शाबासकी देईल. तिने कपाळाला हात लावला. "बामनाच्या घरात धा दिवस कोन शिवत नै, मेरा काम आसान. तुमचा दरवाजा तर देवानेच खुला ठेवला. आता मी बंद करते." आणि केलाच. घरातलं एकच माणूस आत, तेही अंघोळ करून, लुगडं बदलून, तोंडाला मलमलीचं फडकं बांधून. ते माणूस मी. बाळाच्या लिंगधारणेला मठाचे स्वामी आले, त्यांनाही तिने ओट्यावर दोनदा हात धुवायला लावले आणि तोंडाला फडकं बांधलं. स्वामींनी निमूट बांधून घेतलं. मंत्र त्यातूनच म्हटले, म्हणून निम्मेच ऐकू आले. तिथे माझी काय कथा.

सरोजिनी बरी आहे. (तुमची नीलव्वा. आम्ही लग्नात नाव बदललं तरी तुम्ही काही ते तोंडी बसवून घेतलं नाही.) थोडी अशक्त आहे, म्हणून आज स्वतः लिहीत नाही, एवढंच. बारसं बाराव्या दिवशी झालं नाही. गावात घरोघर आजारपण, अशात पाळण्याला बायका कुठून आणायच्या? आता जरा पुढे करू. श्रावणात तुमची गाडी परत गेली, त्याचं कारण मागे कळवलंच होतं. तिथीच तशी होती, इलाज नव्हता.

हो, एक विचारायचं राहिलं. तुम्ही लेकीला लहानपणी न्हाऊ घालताना कानडीत काहीतरी म्हणायचात म्हणे. ते काय, एवढं व्याह्यांकडून लिहून पाठवा. सहज विचारते आहे.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आपल्यात तो किती आहे ते आपल्याला ठाऊक. जो काय असेल तो वाढवावा.

उमादेवी

*

नांदेड, कार्तिक वद्य ४

विहीणबाई,

तुमचं चार ओळींचं उत्तर आलं. न्हाणीच्या गाण्याबद्दल त्यात अक्षर नाही. "लेकीच्या हातची एक ओळ धाडा, न्हाईतर मी पायी निघते," एवढंच. तुम्ही खरोखर निघाल हे मला ठाऊक आहे, म्हणून आजच लिहायला बसले.

लेकीच्या हातची ओळ या पत्राच्या तळाशी आहे. आधी ती बघून घ्या. अक्षर तिचंच, जरा थरथरलेलं आहे, पण हात चालतो, माणूस बसून लिहितं. जिवाला धोका नाही. ओळ वाचून तुम्ही कोड्यात पडाल. ते कोडं मीच घालून ठेवलं आहे, तेव्हा उलगडायचंही मलाच आहे. व्याहीबुवा, आता पुढचं वाचताना मधे गाळू नका आणि मला वाचवायला गोडही करू नका.

मागच्या पत्रात मी तुम्हाला "थोडी अशक्त" असं लिहिलं. विहीणबाई, तुमची लेक हातची जात होती.

सुरुवात श्रावणापासून करते. सातव्या महिन्यात तुम्ही तिला पहिल्या बाळंतपणासाठी न्यायला गाडी पाठवलीत. रीत तुमची, हक्क तुमचा. मी तिथीचं निमित्त सांगून गाडी परत लावली. तिथी चांगली होती की वाईट, मला माहीत नाही. मी पंचांग उघडलंच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी लग्नात तुम्ही न जेवता उठून गेलात. शेला हलका वाटला म्हणून विहीण रुसली, असं मी गावभर सांगितलं होतं. अशा विहिणीकडे आपण होऊन सून धाडायची म्हणजे आपलं नाक खाली, असं वाटलं. भाद्रपद संपता संपता माझं मन वळलं, गाडी जुंपायलाही सांगितली, तर तोवर मानमोडी आली होती. वाटेवरच्या गावांनी वेशी लावून घेतल्या होत्या. माझ्या नाकापायी तुमची लेक आईवाचून बाळंत झाली.

दुसरं याहून वाईट आहे. पाचवीच्या दिवशी पार्वतम्मा दुसऱ्या बाळंतिणीकडे गेली होती. गल्लीतल्या बायका बाळंतविडे घेऊन ओट्यावर आल्या, अकरा जणी. नर्सने बजावलं होतं, कुणाला आत घेऊ नका. पण आमच्यात विटाळ नाही म्हणून जन्मभर मीच मिरवत आलेली, आता दारातून कुणाला परत कसं लावू? आणि खरं सांगू का, नात दाखवायची मला हौस होती. इतके केस गावात कुणाच्या पोरीला नसतील. म्हटलं, जरा आत या, बघा आणि जा. त्या दोन तास बसल्या. बाळ अकरा मांड्यांवरून फिरलं. त्यातल्या एकीला खोकला होता. तिचं नाव लिहीत नाही. पुढे तिच्याही घरातलं एक माणूस गेलं. तिला काय माहीत? दार मी उघडलं होतं.

आठव्या दिवशी सरोजिनीला ताप भरला. मी घाबरले आणि आपल्याकडे करतात तेच केलं. बाळ आईपासून उचललं, बाहेर आणलं, शेळीचं दूध बोंडल्यात घातलं. पार्वतम्मा आली. अकरा बायकांचं तिला कळलं होतं. मला वाटलं आता ही मला सोलून काढणार. तिने आधी माझ्या हातातलं बोंडलं घेतलं, दूध अंगणात ओतलं, सरोजिनीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि बाळ परत तिच्या कुशीत ठेवलं. म्हणाली, "बच्चे को माँ के दूध से तोडू नका. तुम्ही आईला पानी पाजा अम्मा. पानी बंद तो दूध बंद. मग दोघी जातील."

पाणी पाजा, एवढंच माझ्याकडे काम होतं, आणि नेमकं तेच होईना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कुणाला ओळखेना. दातखीळ बसल्यासारखे दात घट्ट. चमचा लावला की मान फिरवायची, बाळ अंगाशी नेलं की ढकलायची. मी "सरोजिनी, अगं सरोजिनी" म्हणून हाका मारत होते. हे नाव आम्हीच ठेवलेलं, जेमतेम तीन वर्षांचं. तापात ते आधी गेलं. मग मी "नीलव्वा" म्हटलं. डोळे उघडले नाहीत, पण मान माझ्याकडे वळली. तोंड मात्र मिटलेलंच.

आता यापुढचं कसं लिहू कळत नाही. लिहिते.

विहीणबाई, मला तुमचा आवाज काढता येतो. लग्नाच्या दिवशी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता मी तो पहिल्यांदा काढला. "का रडलालीस गं? जेवलालीस का?" आणि मधून मधून तुमच्या माहेरची कानडी. बायका पोट धरून हसल्या. तेव्हापासून चार बायका जमल्या की मला फर्माईश व्हायची, आणि मीही नको नको म्हणत काढायची. तीन वर्षं मी तुमच्या जिवावर हशा मिळवला आहे.

त्या दुपारी मी तोंडावरचं फडकं सारखं केलं, तिच्या कानाशी वाकले आणि तुमच्या आवाजात म्हटलं, "नीलव्वा, अंजबेड गं. भिऊ नगं. मी हाय की. घोटभर पी."

ती "अव्वा" म्हणाली आणि तिने तोंड उघडलं.

चार चमचे पाणी गेलं. पार्वतम्मा दारात उभी होती. तिला तुम्ही कोण, मी कोणाचा आवाज काढते आहे, काही माहीत नव्हतं, पण पाणी गेलेलं तिने पाहिलं. बोटाने खूण केली, थांबू नका. मग मी थांबले नाही. तीन दिवस त्या खोलीत मी तुम्हीच होते. दर घोटाला, पेज पाजताना, बाळ अंगाशी धरवताना. तुमचा जावई रेवण दाराबाहेरून ऐकत असायचा. त्याला एकदा वाटलं, सासूबाई खरंच आल्या. तो पाया पडायच्या तयारीने आत डोकावला आणि मला बघून तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र हसू आलं, इतक्या ताणातसुद्धा. पहिल्या दिवशी मी नक्कल करत होते, हे कबूल करते. तिसऱ्या दिवशी मी पार्वतम्मालाच "बसलालाव का?" म्हणून विचारलं, आणि मला पत्ताही नव्हता.

चौथ्या दिवशी तिला दरदरून घाम आला आणि अंग निवलं. बाळ तिच्या अंगाशी चुरूचुरू पीत होतं. त्याला शिंकसुद्धा आली नाही. मी फडक्यात तोंड खुपसून इतकी रडले की पार्वतम्माने मला नवं फडकं दिलं.

घोटाळा पुढेच आहे. शुद्धीवर येऊन पहिलं तिने विचारलं, "अव्वा कुठं हाय?" मी म्हटलं, झोप आता. दुसऱ्या दिवशी ती आपणच सांगू लागली, आई येऊन गेली. रेवणला सांगितलं, स्वामींना सांगितलं, दूधवाल्या केवळाबाईला खिडकीतून हाक मारून सांगितलं. मला म्हणते, "आत्याबाई, तुमी दोघी बोललालाव ते मी ऐकले की. रुसवा मिटला न्हवं?" तिच्या तोंडावर इतका आनंद होता की माझ्या तोंडून "मिटला" निघून गेलं. आईने फक्त न्हाणीचं गाणं म्हटलं नाही, एवढीच तिची तक्रार आहे. ते म्हण म्हणून तिने तापात दोनदा सांगितलं होतं. मला ते येत नव्हतं. म्हणून मागच्या पत्रात तुम्हाला विचारलं.

आता ती हट्ट धरून बसली आहे की आई आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला बारसं धरलं आहे. रस्ते मोकळे झाले आहेत. आमची गाडी अहमदपुरापर्यंत सामोरी येईल. तुम्ही या. तुम्ही तिच्याजवळ बसून खरं सांगितलंत, मी आले नव्हते, या बाईनेच मला येऊ दिलं नाही, तर मी तिथेच उभी राहून हो म्हणेन. नाही सांगितलंत तर जन्मभर तुमची ऋणी राहीन. मला स्वतःला तिला सांगायचं धैर्य नाही. रोज सकाळी ठरवते, आणि ती माझ्याकडे बघून हसली की राहून जातं.

तुम्ही मला काय म्हणाल त्याला मी पात्र आहे. पण तिच्याकडे या.

अपराधी,
उमादेवी

*आई, तू गेलीस तेव्हा मला उठवलं का नाहीस? बाळाला तू नीट पाहिलं पण नसशील. बारशाला ये आणि या वेळी मला सांगून जा. तुझी नीलव्वा.*

*

लातूर, कार्तिक वद्य ११

उमादेवीबाईंना धोंडप्पाचा शरणार्थ. पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. मधे तीनदा थांबलो, ते माझं मला थांबावं लागलं. ही आता सांगते आणि मी लिहितो. एक शब्द सुधारू देत नाही, म्हणून ती बोलते तसंच लिहिलं आहे.

उमाबाई, तुमी खरं सांगितलाव, बरं केलाव. मला राग हाय. गाडी रिकामी दारात आली तवा मी तिच्यासाठी केलेले डिंकाचे लाडू गल्लीत वाटून टाकले आन दोन दिस जेवले न्हाई. त्ये मी इसरनार न्हाई. बारशाला चार मान्सांत काई बोलनार न्हाई, पर तुमाला एकटीला गाठून बोलनार हाय. तयारीनं ऱ्हावा.

त्या अकरा बायकांचं मी बोलनार न्हाई. माझ्या दारात आल्या असत्या तर मीबी आत घेतल्या असत्या. नात मलाबी दावू वाटली असती.

शेल्याचं तुमी समद्या गावाला सांगितलाव, त्ये खोटं हाय. शेला चांगला हुता, आजून पेटीत हाय. लग्नात मी पानाचं तबक घिऊन तुमच्या सैपाकघराच्या दारापतूर आले हुते. आत तुमी माझा आवाज काढलालाव आन बायका हासलालत्या. मी तबक तितंच ठिवले आन भाईर गेले. तवापासून तुमच्याकडच्या मान्सापुढं मी तोंड उघडलं न्हाई. लेकीला निरोप सांगायचा तरी ह्यांच्याकडून लिव्हून घ्यायची. मला वाटायचं, माझं बोलनंच वंगाळ हाय.

आता ऐका. लेकरू तापात आसलं तरी आईच्या खोट्या आवाजाला फसत न्हाई. चेष्टा आसती तर नीलव्वानं दात उघडले नसते. म्या तिला पोटात वाढवले, मला ठावं हाय. तुमी तो आवाज मायेनं काढलाव, म्हनून तिला पटला.

आन तुमी काय वंगाळ खोटं बोललाव आसं मला वाटना. आश्विनात जल्माची चिठ्ठी आली, मंग तुमचं पत्र न्हाई, बातमी न्हाई, गाडी जाईना. मी हितं देवापुढं बसून तिलाच बोललाले हुते. अंजबेड नीलव्वा, मी हाय की. समदा दिस त्येच. ह्ये म्हनायचे, गुरम्मा, भित्तीसंगं काय बोललालीस? मला काय म्हाईत, तितंबी कोन त्येच म्हनलालं हाय.

तवा तिला काई सांगू नगा. मीबी सांगनार न्हाई. हितं गल्लीत मी कालच सांगून टाकलंय की आश्विनात नांदेडला जाऊन आले. हे म्हनले, आगं तू तर घरातच हुतीस. मी म्हनले, तुमी लिव्हा.

पंचमीच्या आदल्या दिसी येतो. गानं लिव्हून येत न्हाई, तोंडानंच शिकवीन. तुमाला लवकर येईल.

नीलव्वाला माझा निरोप सांगा. म्हनावं, रुसू नगं. तुला लई दिसानं झोप लागली हुती, ती मोडू वाटली न्हाई, म्हनून उठवलं न्हाई.

आश्विनात तीन दिस तुमच्याकडं ऱ्हाऊन गेलेली,
गुरम्मा